तेल कुठून गळते, हे शोधण्याचीही मजुरी असते

व्यापाराच्या या पानावर सुताचे भाव, वीज बिल, ग्रे कापडाची उधारी असे विषय येत असतात आणि ते यायलाच हवेत. आज मात्र आम्ही पिकअप गाडीच्या इंजिनातून गळणाऱ्या ऑईलवर लिहिणार आहोत. कापडाच्या व्यापाऱ्याने हा उद्योग कशाला करावा, असे काही वाचक बांधव विचारतील. त्यांनी आधी आपल्या दुकानाचे गेल्या वर्षाचे खर्चाचे खाते उघडावे, 'गाडी दुरुस्ती' या नावाखाली किती रक्कम पडली आहे ते पाहावे आणि मग पुढे वाचावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. गाडीच्या पुर्ज्यांना शुद्ध मराठीत काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नाही आणि गॅरेजवाल्यांनाही ठाऊक नसावे. तिथे वॉशरला वायसर म्हणतात आणि इंजिन ऑईलला मोबील. आम्हीही तसेच लिहू.

मालेगावहून भिवंडीला माल पाठवायचा तर पूर्वी ट्रान्सपोर्टवाल्याच्या दारात गाठी टाकून चिठ्ठी घेऊन यायचो. माल केव्हा पोहोचेल ते त्याच्या मर्जीवर. पुढे आमच्यासारख्या मध्यम व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पिकअप घेतल्या. रात्री तागे भरले की सकाळी पार्टीच्या दारात. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, राहूड घाट, चांदवड, नाशिक, मग कसारा उतरून शहापूरवरून भिवंडी. गाडी घरची झाल्याने भाड्याची कटकट मिटली, पण गाडीचे आजारपणही घरचेच झाले. लूम बिघडला तर आपल्याला आवाजावरून कळते. इंजिनाचे मात्र आपल्याला काहीच कळत नाही, आणि हे न कळणेच आपल्याला महाग पडते.

आमच्या गाडीचा डिपस्टिकवरचा ऑईलचा निशाण उतरू लागला तेव्हा ड्रायव्हरने येऊन सांगितले, "सेठ, मोबील कमी होतंय, पण जमिनीवर थेंब दिसत नाही." आम्ही म्हणालो, थेंब दिसत नाही तर इंजिन खात असेल, टाक अर्धा लीटर. दोन महिने असेच टाकत गेलो. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे गिअर बॉक्स जोडलेला असतो तिथे, सगळे ओले दिसू लागले. पहिल्या गॅरेजात नेली. त्यांनी वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले. ओल गेली नाही, उलट वाढली. दुसऱ्या गॅरेजात नेली. त्यांनी खालून टॉर्च मारून सांगितले की क्रँकचे मागचे ऑईल सील गेले आहे. त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावा लागतो, आणि तो उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही घालून घ्या म्हणाले. सगळे मिळून बारा हजारांच्या वर बिल झाले आणि दोन दिवस गाडी उभी राहिली. आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा ओल. तिसऱ्याने तर काही उघडलेच नाही. जाड ऑईल टाका, गळणे थांबेल, असा सल्ला देऊन मोकळा झाला. आम्ही तोही मानला.

पुढचा प्रसंग लिहायला आम्हाला संकोच वाटतो, पण तो लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. एका रात्री गाडी माल भरून निघाली. राहूड घाटाच्या चढावर ऑईलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने त्याच क्षणी इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली आणि आम्हाला फोन केला. सकाळी आठला भिवंडीत पार्टी माल उतरवून घ्यायला उभी राहणार होती. माल उशिरा गेला असता तर भावात काटछाट होणार हे आम्हाला माहीत होते. आम्ही म्हणालो, "अरे, चांदवडपर्यंत तर ने, तिथे बघू." तो म्हणाला, "सेठ, दिवा लागल्यावर मी गाडी चालवणार नाही. इंजिन जाम झालं तर तुम्हीच मला विचाराल." आम्ही त्याला बरेच काही बोललो. भरवस्तीत राहणारी माणसे जशी रागात बोलतात तसेच. त्याने ऐकून घेतले आणि गाडी हलवली नाही. पहाटे दुसरी गाडी पाठवून माल बदलला. माल दुपारी पोहोचला आणि तागा मागे जी काटछाट व्हायची ती झालीच.

ड्रायव्हरचे म्हणणे अक्षर न् अक्षर बरोबर होते, हे आम्हाला नंतर समजले. इंजिनाच्या पोटात खाली ऑईलचे चेंबर असते. पंप तिथून जाळीतून ऑईल ओढतो आणि दाबाने नळ्यांमधून, छिद्रांमधून सगळीकडे पाठवतो. ऑईल कमी झाले की सपाटीवर जाळी बुडालेली राहते, पण चढावर चेंबरमधले ऑईल एका बाजूला सरते आणि जाळी हवा ओढते. दिवा लागतो तो ऑईल कमी झाल्याची आगाऊ सूचना देण्यासाठी नव्हे. दाब संपला, आता लोखंडावर लोखंड घासत आहे, असा त्याचा अर्थ आहे. तिथून चांदवडपर्यंत म्हणजे क्रँकच्या बेअरिंग गेल्या असत्या आणि इंजिन नव्याने बांधावे लागले असते. आम्ही ड्रायव्हरची माफी मागितली, पण चार दिवसांनी. लगेच मागायला हवी होती.

गाडी ओढून आणली ती एका वयस्क मिस्त्रींकडे. आग्रा रोडच्या अलीकडे त्यांचा पत्र्याचा गाळा आहे, बोर्डसुद्धा धड नाही. त्यांना आम्ही आधीच्या तिन्ही गॅरेजांची कहाणी ऐकवली. त्यांनी ती ऐकली आणि विचारले, "सेठ, कोणी इंजिन धुतलं का?" कोणीच धुतले नव्हते. मिस्त्री म्हणाले, "मग बघितलं काय?"

त्यांनी मजुरी सांगितली ती अशी: धुवायचे आणि शोधायचे पाचशे, दुरुस्तीचे वेगळे. आमचा पारा चढला. शोधायचे कसले पैसे? डॉक्टरसुद्धा नाडी बघून औषध देतो आणि एकदाच पैसे घेतो, असे आम्ही म्हणालो. मिस्त्री हसले. "डॉक्टर औषध न देताही फी घेतो सेठ. तुम्ही मला पुर्जा बदलायचे पैसे देणार आणि शोधायचे देणार नाही, तर मी पुर्जाच बदलीन." या एका वाक्याने आमचे बारा हजार कुठे गेले ते आम्हाला दिसले.

आता शोधण्याची रीत सांगतो, कारण ती आमच्या धंद्याच्या फार जवळची आहे. ग्रे कापडावर तेलाचा डाग पडला तर आपला जुना कारागीर काय करतो? तो ताग्यात दोन डागांमधले अंतर मोजतो. डाग सारख्या अंतराने पडत असेल तर तो कुठल्या तरी फिरणाऱ्या रुळावरून येतो आहे, आणि अंतर जेवढे तेवढा ज्याचा घेर तो रूळ दोषी. लूम खोलायची गरज पडत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. ओल जिथे दिसते तिथून ती निघत नाही. गाडी पुढे धावते, वारा मागे जातो, त्यामुळे वर पुढे निघालेले ऑईल मागे आणि खाली पसरते. म्हणून खालून टॉर्च मारणाऱ्याला नेहमी मागचे सील गेलेले दिसते. शोधायची असते ती ओलीची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा.

त्यासाठी इंजिन कोरडे हवे. मिस्त्रींनी थंड इंजिनाचे विजेचे कनेक्टर आणि हवा घेणारे तोंड प्लास्टिकने बांधले, डिझेल आणि ब्रशने सगळा थर काढला, मग पाण्याने धुऊन हवेने सुकवले. जो थर निघाला तो पाहण्यासारखा होता. लूमच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या गाडीवर कापसाची धूळ बसते, ती ऑईलमध्ये भिजते आणि नमद्यासारखे जाड काळे पापुद्रे तयार होतात. गळती झाकायला यापेक्षा चांगला पडदा नाही. आणि पेट घ्यायलाही. एक्झॉस्ट आणि टर्बो या जागा इतक्या तापतात की त्यावर ऑईल पडले तर धूर निघतो, कधी जाळही होतो. मागे कापडाच्या गाठी भरलेल्या गाडीत हा भिजलेला कापूस घेऊन आपण रोज फिरतो, याचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता.

सुकलेल्या इंजिनावर संशयाच्या जागी त्यांनी टाल्कम पावडर फुंकली, तीच साधी अंगाला लावायची. खाली पुठ्ठा पसरला. पुठ्ठ्यावर चाकांच्या खुणा केल्या, म्हणजे उद्या थेंब पडला तर तो इंजिनाच्या कुठल्या भागाखाली ते कळावे. रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी पुठ्ठा कोरा.

आम्ही म्हणालो, मग गळते कुठे? मिस्त्री म्हणाले, कोरा पुठ्ठा हीच मोठी खबर आहे. चेंबरचे पॅकिंग, चेंबरचा खालचा नट किंवा मागचे सील गळत असते तर उभ्या गाडीतूनही ऑईल झिरपले असते, कारण तिथे ते आपल्या वजनाने उतरते. जे ऑईल फक्त चालत्या गाडीत जाते ते दाबाच्या लाइनमधून जाते. दाबाची लाइन म्हणजे पंपाकडून फिल्टर, ऑईल कूलर, दाबाचा स्विच आणि टर्बोकडे जाणारी नळी. इंजिन बंद की दाब शून्य, गळती बंद. चालू असताना तिथे पिकअपच्या टायरात जेवढी हवा आपण भरतो जवळपास तेवढा दाब असतो, आणि ऑईल तापून पातळ झालेले असते. दोन महिन्यांपूर्वी ड्रायव्हर म्हणाला होता की जमिनीवर थेंब दिसत नाही. रोगाचे नावच त्याने सांगितले होते, आम्ही ऐकले नाही.

मग इंजिन सुरू केले. स्टार्टिंगवर पाच मिनिटे, काही नाही. रेस वाढवून ठेवली, इंजिन चांगले गरम झाले, तेव्हा टर्बोला ऑईल नेणाऱ्या पोलादी नळीजवळची पांढरी पावडर काळी पडू लागली. नळीच्या टोकाला जो पोकळ बोल्ट असतो, ज्याला गॅरेजात बँजो म्हणतात, त्याच्या अलीकडे नळीला केसाएवढी चीर होती. त्यातून ऑईलचा बारीक फवारा उडत होता. चीर का पडली? नळीला मध्यावर धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप जागेवर नव्हती. टॅपेट कव्हर उघडताना कोणीतरी ती काढली आणि परत लावली नाही. नळी अधांतरी थरथरत राहिली आणि थकून तडकली. त्याआधीची थोडी गळती होती ती बँजोच्या तांब्याच्या वायसरमधून. आदल्या वर्षी टर्बो उतरवला तेव्हा जुनेच वायसर परत घातले होते. म्हणजे काही रुपयांचा वायसर वाचवला, मग गळती चुकीच्या जागी शोधली, त्या शोधात क्लिप हरवली आणि क्लिपने नळी खाल्ली.

गळती किती मोठी होती त्याचाही हिशेब मिस्त्रींनी घातला. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर. सेकंदाला एक थेंब गेला तर तासाला पावणेदोनशे मिलिलीटरच्या वर. भिवंडीपर्यंतच्या सहा तासांत एक लीटर गेले, आणि चेंबरमध्ये सगळे मिळून पाच-सहा लीटरच असते.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द. आम्ही विचारले, नळीला वेल्डिंग करून चालेल का? चालेल, पण घरी पोहोचण्यापुरते, असे उत्तर मिळाले. झाळलेली नळी त्याच्या शेजारी पुन्हा तडकते आणि आत राहिलेली खरपुडी थेट टर्बोत जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. तिथे कचऱ्याचा एक कणसुद्धा पुरेसा आहे. याच कारणाने आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा ट्यूबमधला सिलिकॉन लावायला मिस्त्रींनी ठाम नकार दिला. पाण्याच्या नळाला टेप लागते, इथे नाही. टेपचा तुकडा किंवा सिलिकॉनचा गोळा सुटला तर बँजोच्या बारीक छिद्रात अडकतो. बाहेरची गळती बंद होते आणि टर्बो उपाशी मरतो.

नवी नळी आणली, आतून धुऊन फुंकून घेतली. बँजोला दोन्ही बाजूंनी एकेक नवा तांब्याचा वायसर. बोल्ट आवळताना मापाचा पाना वापरला, कारण हा बोल्ट आतून पोकळ असतो आणि ताकद लावली की मान मोडतो. खालच्या टोकाला एका पान्याने खालचा नट धरला आणि दुसऱ्याने वरचा आवळला, म्हणजे नळीला पीळ बसला नाही. क्लिप नवी. टर्बोकडून ऑईल खाली परत आणणारी रबराची नळीही बघितली. ती फुगून मऊ झालेली होती. आधी कोणीतरी रेडिएटरच्या पाण्याचे रबर कापून बसवले होते. ते रबर पाण्यासाठी असते, गरम ऑईलमध्ये फुगते. तिथे ऑईलचेच आणि उष्णता सोसणारे रबर लागते, आणि ती नळी कुठेही न दुमडता सरळ उताराने खाली यावी लागते, नाहीतर टर्बोत ऑईल तुंबून ते धुराड्यातून निळा धूर होऊन निघते. शेवटी इंजिनाची वाफ बाहेर काढणारा ब्रीदर पाइप साफ केला. तो तुंबला तर पोटातला दाब वाढतो आणि चांगली सीलेसुद्धा गळू लागतात. जाड ऑईल काढून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचे टाकले. जाड ऑईलने चीर बुजत नाही, उलट थंडीत सकाळी ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत तर चुकीचे ऑईल धुराड्यातली जाळीही बिघडवते, हे नव्या गाड्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नळी, वायसर, क्लिप, रबर, ऑईल, धुलाई आणि ते पाचशे धरून बिल पाच हजारांच्या आत आले. जुनी नळी मिस्त्रींनी न मागता आमच्या हातात दिली.

आता आमचे मत. गॅरेजवाले लुटतात ही तक्रार आपल्या बाजारात रोज ऐकू येते. काही लुटतही असतील. पण त्यांना पुर्जे बदलायची सवय आपणच लावली आहे. बिलात पुर्जा दिसला की आपले समाधान होते, आणि मिस्त्रीची अक्कल दिसत नाही म्हणून ती फुकट हवी असते. कापड घेताना आपण डिझाइन मास्टरला पैसे देतो, कापड तपासणाऱ्याला देतो. मग तीन तास इंजिनाजवळ वाकून चीर शोधणाऱ्याला का देऊ नये? आमच्या माहितीतले कितीतरी कापड व्यापारी असे आहेत की मजुरीत शंभर कमी करून घेतल्याचा आनंद मानतात आणि हजाराचा नको असलेला पुर्जा निमूट घेतात. आम्ही त्यांतलेच एक होतो.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. गाडी थांबवायचा हक्क त्याचा असला पाहिजे, मालकाचा नव्हे. आमच्या दुकानात आता हे ठरले आहे: लाल दिवा लागला तर इंजिन बंद, फोन नंतर. उशिराचे नुकसान दुकानाचे, त्याच्या पगारातून एक पैसा कापला जाणार नाही. हे बोलून दाखवावे लागते. न बोलता ड्रायव्हर ते गृहीत धरत नाही, कारण त्याने आमच्यासारख्यांच्या शिव्या खाल्लेल्या असतात.

तिसरी गोष्ट खात्याची. हिशेब लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही, पण ऑईलचा हिशेब कोण लिहितो? कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर किती मोबील टाकले, एवढी एक ओळ पुरे. आम्ही ती लिहीत असतो तर खप वाढतो आहे हे पहिल्याच महिन्यात दिसले असते.

मोहल्ल्यांतल्या मुलांबद्दलही एक सांगावेसे वाटते. गॅरेजात लहानपणापासून राबलेल्या पोरांच्या हातात कसब पुष्कळ आहे, पण कोणता बोल्ट किती आवळायचा ते पुस्तकात बघायची सवय नाही. दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. आमच्या मिस्त्रींचा नातू तोच करतो आहे. मिस्त्रींना मापाचा पाना त्यानेच आणून दिला, नाहीतर ते आजवर अंदाजानेच आवळत होते, हे त्यांनी स्वतः हसत सांगितले.

दुरुस्तीला तीन महिने झाले. खात्यात मोबील टाकल्याची एकही ओळ नाही. पुठ्ठा मात्र गाडीखाली रोज रात्री पसरलेला असतो. परवा त्यावर रुपयाएवढा एक डाग दिसला. खुणा जुळवून पाहिले तर तो चेंबरच्या नटाखाली येतो. मागच्या सर्व्हिसला तिथला वायसर बदलायचा राहिला, असे ड्रायव्हर म्हणतो. शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे जाईल.